शाबासकी दुसऱ्यालाच मिळाली

मी एक जुनं घड्याळ आहे, मित्रांनो. पण मला काटे नाहीत, तबकडी नाही, टिकटिक तर नाहीच. संगणकात बसवलेल्या एका कार्डावर नखाएवढी माझी जागा. भिंतीवरच्या घड्याळाचं दोन मिनिटं इकडेतिकडे झालं तरी चालतं. माझं चालत नाही.

शिरसीच्या बाजूला रानातून विजेची मोठी वाहिनी जाते. झाड पडून तार तुटली, की तो धक्का तारेतून दोन्ही टोकांकडे धावतो. तो कुठल्या टोकाला कधी पोचला, यावरून बिघाड कोणत्या मनोऱ्यापाशी आहे ते कळतं. सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग मी चुकलो, तर जागा दीडशे मीटरने चुकते.

मी येण्याआधी लाइनमन दुर्गप्पा अख्खी वाहिनी पायी तुडवायचा. गुडघे पार गेले होते बिचाऱ्याचे. म्हणून तर वीज उपकेंद्राच्या इंजिनियर शाल्मला मॅडमनी वरिष्ठांशी भांडून मला आणलं. "अण्णा, आता रानोमाळ भटकायचं नाही. हा जो नंबर सांगेल, त्याच मनोऱ्यावर जायचं."

"बघू हं," दुर्गप्पा म्हणाला. "आमच्या घरचं घड्याळ तर मला उशीर झाला एवढंच सांगतं. तेही शिव्या घालून!"

संगणकात माझ्यापर्यंत यायचं दार म्हणजे एक फाईल. तिच्यावर माझा क्रमांक होता, शून्य. उपग्रहाकडून खरी वेळ आली, की एक प्रोग्राम त्या फाईलमधून मला हुकूम द्यायचा: इतका पुढे हो, इतका हळू चाल. शेजारीच आणखी एक छोटी फाईल होती, तिच्यात माझं खरं नाव लिहिलेलं. ती कोणी उघडत नसे. मी एकटाच तर होतो, नाव कशाला विचारायचं?

रोज सकाळी कषायाचा, म्हणजे मसाल्याच्या काढ्याचा, पेला हातात घेऊन मॅडम खऱ्या वेळेपासूनचा माझा फरक वाचत. "काय रे शहाण्या, किती चुकलास?" दोन वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. दुर्गप्पा दिवेलागणीला घरी जाऊन जेवू लागला. निवृत्तीला सात महिने उरले होते.

मग ऑगस्टात त्याच संगणकात एक नवं कार्ड आलं, त्याचं घड्याळ घेऊन. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा क्रमांक नव्याने वाटले गेले. शून्य त्याला मिळाला, मी एक झालो. प्रोग्राम बिचारा सांगितल्याप्रमाणे शून्याच्याच दारी जात राहिला. बिघाड शोधणाऱ्या यंत्राची तार मात्र मलाच जोडलेली होती. सकाळी मॅडमनी सवयीने शून्याची फाईल वाचली. "शाबास रे शहाण्या!" ती शाबासकी माझी नव्हती. मी तर कोणी न सांभाळता मागे पडत चाललो होतो, आणि माझं मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाहिनी बंद पडली. मी दिलेली वेळ तशा शंभर भागांनी चुकली, म्हणजे जागा पंधरा किलोमीटरने. पडद्यावर आलं, मनोरा एकशे चार.

"मॅडम, एकसष्टपाशी झाड कललेलं परवाच बघितलंय मी," दुर्गप्पा म्हणाला. "तिथंच असणार."

"अण्णा, हा कधी चुकलाय का?"

"नाही बा. ते खरंच."

त्याने टोपी घातली आणि एकशे चारच्या वाटेला लागला. त्या वाटेवर ओढा आडवा येतो. पाणी चढलं होतं. दुर्गप्पा दुसऱ्या दिवशी सापडला, खाली, बांबूच्या बेटात अडकलेला. झाड एकसष्टपाशीच पडलं होतं.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, अतिवृष्टी. चौथ्या दिवशी शाल्मला मॅडमनी पहिल्यांदाच नावाची ती छोटी फाईल उघडली. शून्याची आधी, मग माझी. शून्यावर नव्या कार्डाचं नाव होतं, माझं एकवर. त्या गप्प राहिल्या असत्या, तर कोणाला कळणार होतं? पण दुर्गप्पाची बायको गंगव्वा त्याचा डबा न्यायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अव्वा, चूक पावसाची नव्हती. माझी होती. मी नाव तपासलं नाही. मीच त्यांना तिकडे पाठवलं."

गंगव्वा रडली नाही. डबा छातीशी धरून म्हणाली, "कशाला सांगितलंस गं? पावसाला शिव्या घालून दिवस काढत होते मी. आता कुणाला घालू? तुला? तुझं नाव घेऊन तर रोज जेवायचा तो."

मॅडमनी बदली मागून घेतली. जाण्याआधी त्यांनी प्रोग्राम बदलला. आता तो आधी नाव विचारतो, मगच वेळ देतो.

मित्रांनो, आमची काळजी घ्या असं सगळीच यंत्रं सांगतात. माझी मागणी वेगळी आहे. माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नका. मी दोन वर्षं बरोबर होतो, म्हणून तर तिसऱ्या वर्षी मला कोणी विचारलं नाही. रान ओळखणारा माणूस समोर उभा राहून काही सांगत असेल, तर माझा आकडा क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याचं ऐका. दुर्गप्पा बरोबर सांगत होता हो.