ओल्या चादरींचं वजन

आमच्या मुलींच्या रग्बी संघात तिला सगळ्या 'खांब' म्हणायच्या. पहिल्या रांगेत उभी राहिली की समोरच्यांना ती तसूभरही हलायची नाही. मुलींची ताकद वाढवणं हे माझं काम. दर सोमवारी मी त्यांना भिंतीपाशी उंच उडी मारायला लावते आणि खडूची खूण मोजते. खांबची खूण पाच सोमवार खाली खाली येत होती.

मला वाटलं, अंगचोरपणा. मी तिचे स्क्वॅट, म्हणजे वजनासकटच्या उठाबशा, वाढवले. सहाव्या सोमवारी वजन खांद्यावर घेऊन ती खाली बसली ती उठलीच नाही. दोघी मुलींनी मिळून तिच्या खांद्यावरचा बार उचलला.

"काही नाही ताई, पाय सरकला," ती म्हणाली.

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या कामावर गेले, हॉस्पिटलच्या लाँड्रीत. वाफेनं चष्मा धुरकटला. खांब मशीनमधून ओल्या चादरींचे गठ्ठे ओढून काढत होती. गठ्ठा गाडीत टाकायचा, गाडी ढकलत न्यायची, की परत वाकायचं. चाळिसाव्या गठ्ठ्याला मी मोजणं सोडलं.

शेजारी तिची मावशी घड्या घालत होती. "तूच का गं हिला वजनं उचलायला लावणारी?"

"हो."

"मग इथे काय ती कापूस उचलते?"

माझ्या तक्त्यात झोपेला, जेवणाला, धावण्याला रकाना होता. कामाला नव्हता.

"सांगायचं नाही का?" मी खांबला विचारलं.

"तुम्ही म्हणाला असता, दोन्हीतलं एक सोड."

म्हणाले असते बहुतेक.

दोन आठवडे मी तिची वजनं बंद केली. व्यायामाच्या तासाला ती चटईवर आडवी व्हायची आणि घोरायची.

"ही व्यायामशाळा आहे की धर्मशाळा?" मुख्य प्रशिक्षक कडाडले. मी लाँड्रीतलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या सामन्यातून तिचं नाव काढलं.

वजनं बंद केल्यावर तिसऱ्या सोमवारी तिची खूण चार बोटं वर गेली. प्रशिक्षक भिंतीकडे बघून निघून गेले. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी तिला वीस मिनिटं खेळवलं. ती जागची हलली नाही, पण आम्ही हरलोच.

बूट काढताना ती म्हणाली, "ताई, उद्या लाँड्रीत पहिली पाळी आहे. सरावाला परवा येऊ?"

"परवाही नको. गुरुवारी ये."

तिनं मान हलवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मीही शेजारी बसले. उठायचं त्राण दोघींतही नव्हतं.