चुकीचा भाग आधी

उज्वलाताईंची शिकवायची रीत जगावेगळी होती. त्या आधी चुकीचं शिकवायच्या. सर्पदंशाचा धडा आला की स्वतःच्याच पोटरीला सुतळी आवळायच्या आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायच्या, "अशी घट्ट बांधली की विष वर चढत नाही." पवनारच्या शिबिराला जमलेल्या गावसख्या, म्हणजे गावोगावच्या बिनपगारी पुढारीणबाया, एकच गलका करायच्या, "नाई ताई, नाई!" मग ताई हसून सुतळी सोडायच्या आणि खरा धडा सुरू व्हायचा. चूक ज्या बाईनं स्वतः पकडली ती बाई ती चूक जन्मात करत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

यंदा ताईंच्या संस्थेनं शिबिरं बंद करून व्हिडिओ काढायचं ठरवलं. गावं ढीगभर, ताई एकट्या. वर्ध्याच्या ऑफिसातल्या खोलीत संस्थेतल्या मुकेशनं कॅमेरा लावला. ताईंनी सवयीनं सुतळी बांधली, चुकीचं सांगितलं आणि गलक्यासाठी थांबल्या. रिकाम्या खोलीत गलका कोण करणार? मुकेशनं ती शांतता कापून टाकली, मोबाइलवर लवकर उतरावा म्हणून धड्याचे दोन तुकडे केले आणि सुतळीपर्यंतचा पहिला तुकडा सख्यांच्या ग्रुपवर टाकला. दुसरा नंतर टाकू म्हणाला. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. ताईंच्याही नाही, हे सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अल्लीपूरहून मेसेज आला. पाठवणारी वर्षाली, नवी सखी, शिबिराचं तोंडही न पाहिलेली. "ताई, लहानूभाऊले भेंडीच्या वावरात साप चावला. तुमी सांगतली तशी सुतळी बांधली. विष थांबलं. लय उपकार झाले." खाली फोटो होता. सुतळी पोटरीच्या मांसात रुतली होती.

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी लगेच फोन लावला.

"वर्षाली, दवाखान्यात निघाले का तुम्ही?"

"जाऊ ना ताई. त्याचा साळा गाडी घेऊन येऊन राह्यला. आता घाई कायची? सुतळी हाय ना."

सुतळीनं विष काही थांबलं नव्हतं, थांबली होती ती घाई. 'सोड ती सुतळी' हे शब्द ताईंच्या ओठांपर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले. झटक्यात सोडली तर खाली साचलेलं विष एकदम अंगात जाणार.

"सुतळीले हात लावू नको. ते डॉक्टरच सोडतील. पण गाडीची वाट पाहू नका, आत्ताच्या आत्ता निघा. सुतळीनं विष थांबत नाई. ते चुकीचं होतं."

"चुकीचं? पण तुमीच तं सांगतलं!"

मागून लहानूची बायको रुख्मिणी बोलली, "कोन बाई हाय वं ते? व्हिडिओतली बाई कशी शांत सांगत होती. हे तं नुसती घाबरून राह्यली. मालक चांगले बोलून राह्यले, त्यायले काऊन हलवता?"

ताईंना त्या शांत बाईची चीड आली. ती बाई आता गावोगावच्या फोनमध्ये ठाण मांडून बसली होती आणि तिच्यापुढे खऱ्या ताईंना कोणी विचारत नव्हतं. वाद घालून भागणार नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणला.

"वर्षाली, माझं ऐकू नको. त्याच्या पायाची बोटं हात लावून पाह्य."

थोडा वेळ नुसती कुजबूज ऐकू आली.

"थंडगार हायेत ताई. निळी पडली."

"अन् सुतळीच्या वर?"

"गुडघा सुजला हाय. टम्म." तिचा आवाज चिरकला. "ताई, मांडीवरही सूज दिसून राह्यली."

"मग विष थांबलं कुठं, तूच सांग."

वर्षाली ओरडली, "चंद्रभानकाका, फटफटी काढा! लवकर!" आणि फोन कटला.

मुकेशनं ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला, अल्लीपूरला जवळचा म्हणून हिंगणघाटच्या दवाखान्यात कळवलं आणि ताईंना मोटरसायकलवर मागे बसवलं. वाटेत ताई पुन्हा पुन्हा वर्षालीचा नंबर लावत होत्या. कोणी उचलत नव्हतं. माणूस वाटेतच गेला असेल तर, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

लहानू जिवंत होता. हाताला सलाईन होतं, औषध चढत होतं. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, पायाचं आताच सांगता येत नाही. वर्षाली भिंतीला टेकून उभी होती, तिनं मान वर केली नाही.

रुख्मिणीनं धावत येऊन ताईंचे पाय धरले. "तुमच्या सुतळीनं वाचले वं माये मालक!"

गप्प बसणं किती सोपं होतं. ताईंनी तिला उठवलं. "सुतळीनं नाई वाचले, माय. दवाखान्यानं वाचले. सुतळीनं पाय जाऊ शकते त्यायचा. अन् ते मीच शिकवली. या पोरीची चूक नाई."

रुख्मिणीनं पदरानं डोळे पुसले. ऐकलं की नाही, कोण जाणे. "काईबी बोलता ताई. म्या तं साऱ्या सोयऱ्यायले धाडला तो व्हिडिओ. सिंदी गावातल्या भावाले, माहेरी, पोरीयच्या सासरी. त्यायनं पुढं धाडला."

मुकेशनं खाली मान घातली. ताई रुख्मिणीला घेऊन बाकावर बसल्या. "सिंदीच्या भावाले फोन लाव."

पलीकडून उचलला. ताईंनी नाव सांगायच्या आतच तो माणूस आनंदानं ओरडला, "अरे, तुमी तं त्या सुतळीवाल्या ताई! आवाजावरून वळखलं. आमच्या पुऱ्या गल्लीले दाखवला तुमचा व्हिडिओ. पोरायनं तं बांधूनही पाह्यली."

ताई बाकावरून उठल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या साऱ्यायले बोलवा. अन् फोनचा आवाज मोठा करा."