बगळीची चोच

रसीलाबेननी बगळीची चोच तिसऱ्यांदा खोडली आणि आणखी बोटभर आखूड केली. आता ती बगळी कमी आणि कबूतर जास्त दिसत होती. पण इलाज नव्हता. थोड्या वेळात शाळेची मुलं लेखिकेला, म्हणजे त्यांनाच, प्रश्न विचारायला येणार होती, आणि घरात दिवाळीबेन होत्या.

दिवाळीबेन म्हणजे मोठी नणंद. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर त्या भावाकडे भावनगरला राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी कढीवरचं झाकण उचलून म्हणाल्या, "गूळ कमी आहे." त्याच आठवड्यात रसीलाबेनच्या वहीत एक बगळी उतरली. तळ्यातल्या प्रत्येकाच्या घरात ती चोच खुपसायची. तिची आठ पुस्तकं झाली, मुलं पोट धरून हसली. घरात मात्र रसीलाबेन सांगत, "घोघ्याच्या खाडीवर दिसली होती मला."

मुलं आली, ओसरीवर दाटीवाटीने बसली. पहिल्याच मुलीने विचारलं, "बगळी तुम्हाला कुठे भेटली?"

"खाडीवर."

तेवढ्यात दिवाळीबेन आतून आल्या. एकाचा डबा उघडून त्या म्हणाल्या, "थेपले जाड लाटलेत." मग मुलांना घेऊन आलेल्या बाईंकडे वळल्या. "पगार किती तुम्हाला? आणि लग्न का नाही केलं अजून?"

मुलगी एकदा दिवाळीबेनकडे, एकदा पुस्तकाकडे पाहत राहिली. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळी ओसरी हसू लागली. रसीलाबेननी घाईघाईने पुन्हा सरबत वाटलं. पहिलं अजून कुणाचं संपलं नव्हतं.

मुलं गेल्यावर दिवाळीबेन मेजापाशी आल्या. चष्मा लावून त्यांनी नवं चित्र पाहिलं.

"ही कोण?"

"बगळीच आहे, बेन."

"आजारी आहे का? चोच कुठे गेली तिची?"

रसीलाबेन धुतलेलाच ब्रश पुन्हा धुऊ लागल्या.

"पहिल्या पुस्तकापासून ठाऊक आहे मला," दिवाळीबेन म्हणाल्या. "शेजारच्या इलाने आणून दाखवलं होतं."

"राग आला असेल."

"आला ना. पाचव्या पुस्तकात ती दोनच पानांवर होती, तेव्हा त्याहून जास्त आला."

रसीलाबेननी हसू गिळलं. दिवाळीबेननी फळीवरून तिसरं पुस्तक काढलं आणि न शोधता एक पान उघडलं. सगळे जेवून आपापल्या घरट्यात गेले होते. बगळी एका पायावर, एकटीच, पाण्याकडे पाहत उभी होती.

"हे तू कधी पाहिलंस?"

"दुपारी. तुम्ही गच्चीवर असायचात तेव्हा."

दिवाळीबेननी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. मग स्टूल खिडकीपाशी ओढून, मान ताणून बसल्या.

"या बाजूने काढ. त्या बाजूचे दात पडलेत."

बगळीला दात नसतात, हे रसीलाबेन बोलल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.