शोभाबाईंचा ट्रॅक्टर

सुरतेत पर्वत पाटियापलीकडच्या एका पार्टी प्लॉटमध्ये, लग्नसमारंभांसाठी भाड्याने मिळणाऱ्या मैदानावर, शोभाबाई माळीकाम करायच्या. मालकाने लॉन कापायला बॅटरीवर चालणारा छोटा लाल ट्रॅक्टर आणला, तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर डोळा होता. पण तो चालवायचा धर्मेंद्र. तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि जाताना किल्ली शोभाबाईंच्या हातात ठेवून गेला.

सकाळी त्यांनी पदर खोचला, सीटवर बसल्या, किल्ली फिरवली. दिवा लागला. पायडल दाबलं. ट्रॅक्टर ढिम्म.

नवरा निंबा डबा द्यायला आला होता. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये मशिनींशी झटापट करण्यात त्याची उमर गेली होती. त्याने काटा पाहिला. "चार्जिंग पुरी शे, मंग का बरं चालत नही?" हँडब्रेक सोडलेलाच होता. ढकलायच्या वेळी चाकं मोकळी करणारा मागचा दांडा जागेवर होता. वायरीही घट्ट होत्या.

"उतर, मी पाहतो," म्हणत निंबा सीटवर बसला. पायडल दाबताच ट्रॅक्टर सुर्रकन निघाला.

"झालं की नीट!" शोभाबाई धावत गेल्या आणि पुन्हा बसल्या. पुन्हा ढिम्म. निंबा बसला, चालू. त्या बसल्या, बंद.

"तुझ्यावर रुसलाय," निंबा हसला.

"माझ्यावर? रोज फडक्यानं पुसते मी याला!" शोभाबाईंचा आवाज रडवेला झाला.

आरडाओरडा ऐकून त्यांची सून वर्षा बुकिंगच्या ऑफिसातून बाहेर आली. तिने सासूला बसवलं आणि वाकून पाहिलं. किल्लीशेजारी सीटच्या चित्राचा बारीक दिवा लुकलुकत होता. तिने सासूच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून खाली जोर दिला. दिवा विझला.

"आई, याला वाटतंय सीटवर कुणी बसलंच नाही!"

"म्हणजे?"

"सीटखाली बटण आहे. माणसाच्या वजनानं ते दाबलं जातं, तेव्हाच गाडी हलते. तुमचं वजन त्याला पुरत नाही."

निंबा पोट धरून हसायला लागला. शोभाबाईही हसल्या, इतक्या की पदराने डोळे पुसावे लागले.

किल्ली काढून निंबाने सीट उचलली. खालची स्प्रिंग धर्मेंद्रच्या भारदस्त देहाच्या हिशेबाने आवळलेली होती. त्याने नट सैल केला. शोभाबाई बसल्या, दिवा विझला. उठल्या, लागला.

"आता दाब!"

ट्रॅक्टर निघाला. पहिला पट्टा वाकडा गेला, दुसरा त्याहून वाकडा. निंबा बाजूने चालत "डावीकडे, डावीकडे!" ओरडत होता, पण शोभाबाई त्याला मागे टाकून पुढे निघून गेल्या. मंडप बांधणारी पोरं बांबू टेकवून बघत उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. शोभाबाईंनी हात वर करून दाखवला आणि कोपऱ्यावरून ट्रॅक्टर अगदी झोकात वळवला.