मागच्या ब्रेकची वायर

टेम्पोच्या ॲक्सिलेटरची वायर तुटली ती ऐन चढावर. सूर्य डोंगरामागून नुकता डोकावत होता. वहिनीने हँडब्रेक ओढला आणि पाठीमागच्या मधपेट्यांतली गुणगुण ऐकत बसली. मधमाश्या हलवायच्या त्या रात्री. उन्हं चढायच्या आत नव्या रानात पोचून पेट्यांची दारं उघडायची. बंद पेटी तापली की माश्या आतल्या आत उकडून मरतात, आणि भलतीकडेच दारं उघडली तर पांगतात. वर्षभराची मेहनत त्या पेट्यांत होती.

"भाऊजी, सीटखालची जादा वायर द्या."

शेजारी बसलेला दीर नखं बघायला लागला.

"अहो, द्या ना!"

"ती... पेट्या बांधायला दोरी कमी पडली, म्हणून..."

वहिनीने मागे जाऊन पाहिलं. नव्या कोऱ्या वायरचे तुकडे करून झाकणं आवळली होती. गाठी मात्र दृष्ट लागण्यासारख्या.

"अक्कल काय घरी ठेवून आलात?"

"पण वहिनी, पेट्या हलल्या का एकदा तरी?"

"आता टेम्पोही हलत नाहीये."

एक गाडी थांबली. आतल्या गृहस्थाने काच अर्धी खाली केली. "निघण्याआधी गाडी तपासत नाही का तुम्ही लोक?" काच वर, गाडी पुढे. असल्यांना मदतीचा हात द्यायचा नसतो, फक्त तोंड सोडायला रस्ता हवा असतो.

मग खालून एक सायकलवाला धापा टाकत आला. डोक्यावर भोपळ्याएवढं हेल्मेट, घामाने चिंब. काही न विचारता टेम्पोत डोकावला, तुटकी वायर बोटाने उचलून पाहिली आणि स्वतःची सायकल उलटी करून मागच्या ब्रेकची वायर सोडवायला बसला.

"अहो दादा, पुढे सगळा उतार आहे!"

"पायी उतरेन." मग तो थबकला. "गुणगुणतंय काय?"

"मधमाश्या."

त्याचा चेहरा पडला. वायर वहिनीच्या हातात कोंबून तो थेट रस्त्यापलीकडच्या दगडावर जाऊन बसला. "मला फार भीती वाटते त्यांची. मी इथूनच सांगतो."

तो दगडावरून ओरडे, वहिनी टेम्पोखाली पाठीवर पडून पाना फिरवी. वायरची मुंडी पेडलच्या खाचेत शिरेना, तेव्हा दिराने ती कानशीने घासून बारीक केली. टेम्पो गुरगुरला.

"चला बसा पुढे, सोडते."

"माश्यांसोबत? छे हो!"

"मग चालत राहा. पेट्या उतरवून येतेच."

रानात पोचल्यावर पेट्या सावलीत मांडल्या, दारं उघडली. क्षणभर काहीच नाही. मग एक माशी उंबऱ्यावर आली, मागून दुसरी, मग धारच लागली. वहिनीच्या छातीवरचा दगड उतरला. चहाला बोलावणाऱ्या रानमालकाला हातानेच नको म्हणत तिने टेम्पो वळवला.

सायकलवाला अर्ध्या उतारावर सायकल ढकलत येत होता. आधी टेम्पोभोवती लांबून एक चक्कर मारली.

"सगळ्या उतरल्या ना?"

"एखादी राहिली असेल, तर ती माझ्या मांडीवर बसवते. चढा आता."

दिराने सायकल मागे ठेवली आणि पेट्यांवरून सोडलेल्या वायरच्या तुकड्यांनी ती आवळून बांधली.

वहिनीने एक गाठ ओढून पाहिली आणि टेम्पो सुरू केला.