आठ खाचांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. माझ्या अंगावर आठ खाचा आहेत, एककापासून कोटीपर्यंत. प्रत्येक खाचेत अंकाची एकच लाकडी पाटी उभी राहते. नववी खाच मला नाही आणि त्याचे मला काडीचेही दुःख नाही.

मला एका सुताराने घडवले. चौथीच्या बाईंनी नऊ खाचा सांगितल्या होत्या, पण लाकूड कमी पडले. "आठात भागवा बाई," तो म्हणाला. बाईंनी भागवले आणि पुढची वीस वर्षे मी त्यांच्या वर्गात राबले. हजाराला अडखळणारी मुले माझ्यासमोर यायची आणि कोटी वाचून जागेवर जायची. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, "ही फळी पगार मागत नाही हे नशीब." ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे.

मग भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर बोट फिरवले की हवे तितके अंक उमटत. माझी रवानगी कपाटामागे झाली, माझ्यावर खडूचे खोके आले आणि शून्यांच्या पाट्या तर कुणीतरी हरवूनच टाकल्या. मित्रांनो, लपवत नाही, मला फार राग आला होता.

त्या वर्षी वर्गात एक अबोल मुलगी होती. तिला सगळे घुमी म्हणत. तिचे वडील जलाशयावर पंप चालवत. किती लिटर पाणी आहे ते यंत्रावर पाहून ते रोज एकेक अंक वहीत उतरवत, पण सगळी संख्या सलग वाचणे त्यांना जमत नसे. एका शनिवारी प्रत्येक मुलाने घरच्यांच्या कामातली एक मोठी संख्या सर्वांसमोर वाचायची होती. घरची माणसेही येणार होती. घुमीला बाबांचे पाणी वाचायचे होते.

त्याआधी गुरुवारी बाईंनी सांगितले, "दोन कोटी तीनशे लिही." घुमीने पडद्यावर आधी दोन कोटी लिहिले आणि पुढे तीनशे जोडले : 20000000300. पडद्याने निमूटपणे सगळे घेतले. त्याचे काय जाते? वर्ग मात्र खो खो हसला.

सुटीत घुमी बाईंजवळ गेली. "मी शनिवारी नाही येणार."

"का गं?"

"बाबांसमोर चुकले तर?"

बाईंनी मला कपाटामागून ओढून काढले, पदराने पुसले आणि खडूच्या खोक्याचा पुठ्ठा कापून शून्ये केली. "आता हिच्यावर मांड."

घुमीने दोन मांडला, पुढे सात शून्ये लावली. माझ्या आठही खाचा भरल्या. तिच्या हातात तीन, शून्य, शून्य उरले. ती माझ्याकडे पाहू लागली. मी हटले नाही. आठ म्हणजे आठ.

बाई म्हणाल्या, "शून्य म्हणजे जागा धरायला टाकलेला रुमाल. माणूस आलं की काय करायचं?"

"रुमाल उचलायचा," घुमी म्हणाली. तिने शतकाच्या खाचेतले शून्य काढले आणि तिथे तीन ठेवला. मग बोट ठेवत वाचले, "दोन कोटी तीनशे." उरलेली तीन शून्ये तिने नीट खोक्यात ठेवली. शुक्रवारी ती माझ्यासमोरून उठलीच नाही.

शनिवारी तिने मला टेबलावर उभे केले. बाबा कामाच्या कपड्यांतच मागे उभे होते. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले अंक तिने एकेक करून मांडले : चार, शून्य, शून्य, शून्य, पाच, शून्य, शून्य, सहा. घुमीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "चार कोटी पाच हजार सहा लिटर."

बाबा पुढे आले. कोटीच्या खाचेवर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारले, "एवढं पाणी सांभाळतो होय गं मी?"

"हो बाबा. रोज."

मित्रांनो, आता मी पुन्हा वर्गात आहे. मला रंग नको, कौतुकही पुरेसे झाले आहे. फक्त खेळून झाले की पाट्या मोजून ठेवा, आणि शून्यांना बिनकामाची समजून इकडेतिकडे टाकू नका. त्यांनी जागा धरून ठेवल्या होत्या, म्हणून त्या दिवशी एका बापाला आपले काम केवढे मोठे आहे ते कळले.