हार्प्सिकॉर्डखालच्या पराती

उमाताईंनी गुडघे टेकून हार्प्सिकॉर्डखालची परात बाहेर ओढली, फडक्यानं कोरडी ठक्क पुसली आणि पुन्हा जागच्या जागी सरकवून दिली. मग दुसरी परात. दारात बंगल्यावरचा गडी कडुबा दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन उभा होता.

"बाई, पानी वतू ना परातीत?"

"इथं नको. फाटकाबाहेर ड्रम ठेवलाय, त्यात ओत. आणि मोटर चालूच राहू दे."

कडुबानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा परातींकडं. साहेब जाताना काय बजावून गेले ते त्यानंही ऐकलं होतं. बोअरचं पाणी वाद्याला आणि झाडांना. कॉलनीत कोणालाच नाही. एकाला दिलं की रांग लागते.

"सायबाला काय सांगू?"

"मी सांगेन," उमाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. देवापुढं स्तोत्र म्हणावं तशाच सुरात त्या भाजीचा भावही विचारत.

साहेब म्हणजे मुकुंदराव सेलूकर. सारी उमर जर्मनीतल्या कारखान्यात काढून, निवृत्तीनंतर बीड बायपासच्या पलीकडं बंगला बांधून राहिलेले. येताना त्यांनी हे वाद्य आणलं होतं. दिसायला पियानोचा बारीक अंगाचा भाऊ, पण तारा हातोडीनं ठोकायच्या नाहीत, पिसाच्या टोकानं छेडायच्या. दर ज्येष्ठात ते दिवाणखान्यात चार मैफली करत. एक संध्याकाळ इटलीची, एक फ्रान्सची, एक जर्मनीची, शेवटची इंग्लंडची. सगळं संगीत तीनशे वर्षांपूर्वीचं. विद्यापीठातली मंडळी येत, इथल्या कारखान्यांतले परदेशी साहेब येत. मुकुंदराव व्हायोलिन धरत आणि हार्प्सिकॉर्डवर उमाताई बसत. हार्मोनियमच्या शिकवण्या घेणाऱ्या उमाताईंना त्यांनीच हे शिकवलं होतं, आणि शिकवताना हातचं राखलं नव्हतं, हेही खरं.

त्यांनीच सांगितलं होतं, इटालियन माणूस संथ चालीची नुसती हाडं लिहितो, मांस वाजवणाऱ्यानं भरायचं. फ्रेंच मात्र बारीकसारीक मुरकीसुद्धा खुणेनं लिहून ठेवतो, आणि तरी लिहिलंय तसं सरळ वाजवलं तर नाक मुरडतो. जर्मनांनी दोघांचं घेतलं आणि चार आवाज असे एकमेकांत विणले, की एक सुटला तर सगळी वीण उसवावी. उमाताईंना हे ऐकताना आपल्याकडच्या घराण्यांची आठवण व्हायची. मन रमायचं. दोन उन्हाळ्यांपूर्वीपर्यंत.

त्या उन्हाळ्यात मुकुंदरावांच्या आवारात बोअरचं मशीन दोन दिवस, दोन रात्री धडधडलं. आठवडाभरात मागच्या, उमाताई राहत त्या रो-हाउसांची सामाईक बोअर नुसती हवा फेकू लागली. महापालिकेची पाइपलाइन या भागात यायचीच होती. घरं मात्र येऊन बसली होती. उमाताईंचे यजमान दिगंबरराव मुकुंदरावांच्या फाटकाशी गेले. दोन हंडे रोज मिळाले तर बरं, छातीचं दुखणं आहे, टँकरशी झोंबवत नाही. मुकुंदरावांनी फाटकातच, अगदी गोड बोलून, तो रांगेचा नियम सांगितला. पुढच्या पंधरवड्यात टँकरचा हंडा घेऊन जिना चढताना दिगंबरराव मधल्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. हंडा खालपर्यंत गडगडत गेला. पाणी सगळं सांडलं.

तेराव्याला मुकुंदराव आले. सतरंजीवर बसले, डोळे टिपले आणि म्हणाले, अहो, पाण्यासाठी माझ्याकडं नुसता एक शब्द टाकायचात.

ते खोटं बोलत नव्हते, ते विसरले होते. उमाताईंना नेमकं तेच गिळता आलं नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सोमवार, प्रदोष, रोजचा जप, सगळे नेम चालू ठेवले आणि त्या बंगल्यात वाजवायला जाणंही चालू ठेवलं. फक्त एक नवा नेम त्यात मिळवला, तिथल्या पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. मैफलीनंतर सगळे सरबत घेत तेव्हा त्यांचा उपास असे.

आणि यंदा, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या साली, मुकुंदराव महिनाभरासाठी मुलीकडं परदेशी निघाले. किल्ल्या उमाताईंच्या हातात देताना त्यांचा चेहरा तान्हं मूल दुसऱ्याकडं सोपवणाऱ्या माणसासारखा झाला होता. या हवेत आतली पातळ फळी सुकते, म्हणाले. सगळा नाद त्या फळीवर आहे. तिला तडा गेला तर इथं दुरुस्त करणारा कोणी नाही. पराती रोज भरा, ओल्या चादरी खिडक्यांना लावा. तुमच्याशिवाय माझा कोणावर भरवसा नाही.

अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचा घट द्यायचा असतो. त्या दिवशी उमाताईंनी दिगंबररावांच्या नावानं घट दिला आणि त्याच सकाळी खिडक्यांवरच्या चादरी उतरवून घड्या घातल्या.

फाटकाबाहेर रांग लागली. पहिल्या दिवशी लोक बिचकत आले, तिसऱ्या दिवशी हक्कानं भांडू लागले. मागच्या गल्लीतल्या जाहेदानं ड्रमचा ताबा घेतला. कोणाचा हंडा कोणाच्या पुढं, याचा निवाडा तीच करायची. एकदा दोन हंडे जास्त नेणाऱ्या कंडक्टरला तिनं विचारलं, एसटीत उभ्यानं नेतोस तसं पाणीबी उभ्यानं नेणार का? रांग हसली. उमाताई दिसल्या की मात्र ती पदर सावरायची.

"भाभी, लेकरं दुआ देतात तुम्हाला. लई सवाब, लई पुण्य लागंल."

उमाताई मान हलवून आत जात. बोअर खोल होती. सगळे ड्रम भरून, रांग पांगून, संध्याकाळी बादल्या उरायच्या. त्या कडुबा बोगनवेलीच्या बुंध्याशी ओतायचा. आत वाद्याखाली पराती कोरड्या. पहिल्या दिवसानंतर कडुबानं त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही, पण दिवाणखान्यात येणं त्यानं बंद केलं.

रोज दुपारी उमाताई वाद्यापाशी बसत आणि ते कुठवर आलंय ते ऐकत. आधी सूर उतरला. फ्रान्सच्या दरबारात सूर आपल्यापेक्षा बराच खाली लावत, हे त्यांना मुकुंदरावांनी शिकवलं होतं. निघालं फ्रान्सला, असं त्यांच्या मनात आलं आणि ओठ किंचित हलले. पण मधल्या पट्ट्या जास्त उतरल्या, कडेच्या कमी. फ्रेंच तुकडा आधी गेला. त्यातले सूर एकमेकांवर रेंगाळत ठेवायचे असतात, ते आता एकमेकांना ओरबाडू लागले. मग जर्मन वीण उसवली. इटालियन चाल सगळ्यात चिवट निघाली. मोकळ्या जागांत त्या मुरक्या भरत गेल्या आणि बेसूर झाकला गेला. हे लक्षात आलं तशी त्यांनी बोटं उचलली. झाकायचं नव्हतं. मग त्यांनी नुसती हाडं वाजवली.

एका दुपारी त्या त्याच खोलीत जपाला बसल्या होत्या. वाळलेली शेंग तडकावी तसा आवाज झाला. माळेवरचं बोट पुढच्या मण्यावर गेलं, आणि त्याच्या पुढच्या.

मुकुंदराव ज्येष्ठ लागता लागता परतले, पहिल्या मैफलीच्या आठवडाभर आधी. गाडीतून उतरले ते रांग बघून फाटकाशीच थबकले. जाहेदा त्यांच्याशी काहीतरी बोलली, लोकांनी हात जोडले. उमाताई खिडकीतून बघत होत्या. मग ते आत आले, बूट न काढता वाद्याशी गेले आणि एकच सूर छेडला. तो खरखरला. त्यांनी झाकण उचललं, बॅटरी मागितली. कडुबानं दारातूनच ती पुढं केली. उजेडाची रेघ फळीवरून फिरली आणि थांबली. तडा कडेपर्यंत गेला होता.

हा चेहरा बघायला त्या दोन उन्हाळे थांबल्या होत्या. त्यांनी नीट बघितला. मुकुंदराव स्टुलावर बसले. हनुवटी थरथरत होती. बराच वेळ त्यांनी तड्यावर बोट ठेवून धरलं, जखमेवर धरावं तसं.

मग ते उठले आणि उमाताईंसमोर येऊन, वयानं एवढे मोठे असून, वाकून हात जोडले.

"बाहेर सगळं कळलं मला," ते म्हणाले. "तुम्ही लाकूड जाऊ दिलंत आणि माणसं राखलीत. मला हे सुचलं नसतं, उमाताई. मैफल होणार नाही, पण त्या दिवशी मी सगळ्यांना बोलावून हे सांगणार आहे. ही रांगही आता बंद व्हायची नाही."

उमाताईंनी आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. मागच्या गल्लीला पाणी मिळत राहिलं असतं, त्यांचं नाव झालं असतं आणि या माणसाला आपल्या पडझडीतही काहीतरी चांगलं सापडलं असतं. नेमकं तेच त्याला सापडलं होतं. रडायलासुद्धा आधार. त्यांनी दाराकडं पाहिलं. कडुबानं मान खाली घातली होती.

"पाणी दोन्हीला पुरत होतं, मुकुंदराव," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांना आधी कळलं नाही. जोडलेले हात तसेच होते. मग त्यांची नजर वाद्याखाली गेली, परातींवर, आणि तिथून कडुबाकडं. कडुबानं वर पाहिलं नाही. हात सुटे झाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"का?"

उमाताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मुकुंदरावांच्या कपाळावर आठी पडली, शोधत शोधत मागं गेली आणि कुठंतरी अडली. ओठ उघडले. "दिगंबरराव..." एवढंच बोलून ते थांबले.

बाहेरून जाहेदाची हाक आली. ड्रम भरून वाहायलाय, मोटर बंद करा कोणीतरी. मोटरचं बटण मुकुंदरावांच्या मागच्या भिंतीवर होतं. त्यांनी वळून ते बंद केलं. बोट बटणावरच राहिलं. बाहेर हंड्यांचा आवाज थांबला. रांगेतल्या लोकांना वाटलं असावं, साहेब आले, संपलं.

"कडुबा," मुकुंदराव भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "दुसरा ड्रम लाव."

कडुबा गेला. थोड्या वेळानं बटणाचा खटका वाजला. उमाताईंनी किल्ल्यांचा जुडगा वाद्याच्या झाकणावर ठेवला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर आल्या. रांग पुन्हा हलू लागली होती. जाहेदानं एक भरलेला हंडा बाजूला काढला.

"भाभी, एक महिन्यात एकदा पण पाणी नाही नेलं तुम्ही. हा घ्या, माझा अझहर पोचवंल घरी."

"राहू दे," उमाताई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला टँकरचं चालतं."